उताणी चिप

सुचिताचा पाय मोडला तो नागपंचमीच्या आदल्या दिवशी. कळंबोलीच्या सिडकोच्या त्या इमारतीत खालच्या पायऱ्यांना पावसाळाभर शेवाळ असतं, सगळ्यांना ते ठाऊक असतं, आणि तरी दरवर्षी कोणीतरी पडतंच. त्या वर्षी, अठ्ठ्याण्णव साली, ती पडली. गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर आलं आणि डॉक्टरांनी जिना बंद केला.

जिना बंद म्हणजे तळोजा बंद. तळोज्याला गोटीरामशेठच्या गाळ्यात वजनकाटे बनत. भाजीच्या, मासळीच्या गाडीवर असतात तसले, लाल आकड्यांचे. सुचिता मूळची नावड्याची, गोटीरामशेठही नावड्याचे, म्हणून लग्नाआधीपासून ती तिथे सोल्डरिंगला जाई. सोल्डरिंग करणाऱ्या मुली बऱ्याच होत्या. पण काट्याच्या पोटात जी अठरा पायांची काळी चिप असते, ती भरायचं काम एकट्या सुचिताचं. चिप विकत आणली की कोरी असते. कॉम्प्युटरवरून तिच्यात प्रोग्रॅम घातला म्हणजे मग तिला समजतं की ताटलीवर ठेवलंय ते पावशेर आहे की किलो. हे घालायचं यंत्र, त्याला प्रोग्रॅमर म्हणतात, ते लाइटच्या झटक्यात जळलं होतं. नवं महाग होतं. वाशीचा एक माणूस चिपा भरून द्यायला तयार होता, आणि गाळ्यात बसायला त्याची भाचीही.

सुचिताला हे कळलं तेव्हा तिने शेजारच्या शालनकडून फोन लावला. घरी नवऱ्याच्या, कुलदीपच्या, कंपनीने ड्यूट्या कमी केल्या होत्या, त्याची काळजी होतीच. पण तिला जास्त लागलं होतं ते गाळ्यात चिपा भरायच्या त्या टेबलाचं. ते टेबल तिचं होतं. ती म्हणाली, प्रोग्रॅमर मी घरीच बनवते, मला गाळ्यातला जुना कॉम्प्युटर आणि दोन-तीन कोऱ्या चिपा तेवढ्या पाठवा. मासिकात सर्किट आलंय. काही रेझिस्टन्स, दोन ट्रान्झिस्टर, एक सॉकेट, एक अ‍ॅडॉप्टर आणि प्रिंटरच्या जागी लावायची वायर, एवढंच लागतं.

गोटीरामशेठ हसले. मग त्यांनी कॉम्प्युटर पाठवला, तीन चिपा पाठवल्या, आणि ड्रायव्हरकडून निरोप: पुढल्या बुधवारी सकाळी येतो. चालला तर घरी बसून काम कर. नाही चालला तर वाशीवाल्याला हो म्हणणार, आणि मग पाय बरा झाल्यावर जागा असेल असं धरून बसू नको.

सासूबाईंना, म्हणजे विमलबाईंना, यातलं काही समजलं नाही. साताऱ्याकडच्या त्या, बाजारात माथाडी करणाऱ्या नवऱ्यामागे इकडे आलेल्या. ते गेल्यापासून घरातलं बोलणं त्यांनी आणखी कमी केलं होतं. चातुर्मासात तर त्यांचा नेमच होता. पहाटे अंघोळ, देव्हाऱ्यापुढे रांगोळीची गोपद्मं, आणि दुपारचं एकभुक्त जेवण होईपर्यंत मौन. मौन म्हणजे पुरतं मौन. हातवारेसुद्धा नाहीत, कारण हातानं बोलायचं तर तोंडानं काय वाईट, असं त्यांचं म्हणणं. चुकून मौन मोडलं तर त्या दिवशी जेवण नाही, असं त्यांनी स्वतःच स्वतःला घालून घेतलं होतं. जेवणानंतर त्या बोलत, तेही इतकं हळू की कुकरची शिट्टी झाली तर वाक्य वाहून जायचं.

पण त्यांची रांगोळी बघायला खालच्या मजल्यावरच्या बायका येत. गायीच्या पावलांची एकेक खूण सारखी, रेघ कुठे जाड नाही की बारीक नाही.

सुचिताला ते आठवलं, कारण तिचं अडलं रेघांपाशीच. असं सर्किट तांब्याच्या पातळ पत्र्यावर करतात. पत्रा एका बाजूला चिकटवलेली पाटी मिळते. तिच्यावर हव्या त्या रेघा नेलपॉलिशने काढायच्या आणि पाटी औषधाच्या पिवळ्या पाण्यात सोडायची. उघडं तांबं विरघळून जातं, नेलपॉलिशखालचं राहतं. राहिलेल्या त्या रेघाच वायरींचं काम करतात. सुचिता मोडलेला पाय स्टुलावर ठेवून, वाकडी बसून रेघा काढायला लागली, तर दोन रेघा एकमेकींना चिकटल्या. पुसल्या, परत काढल्या, परत चिकटल्या.

संध्याकाळी ती म्हणाली, "आई, तुमचा हात चांगला आहे. उद्या सकाळी एवढं रंगवून द्याल?"

विमलबाई म्हणाल्या, "नेलपॉलिशनं?"

"हो."

"देवाला चालतं का गं ते?"

"आई, ते देवाचं नाहीये."

"मग ठीक," विमलबाई म्हणाल्या, पण त्यांना ते पूर्ण पटलेलं दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुचिताने सगळं मांडून ठेवलं. खाली तांब्याची पाटी, तिच्यावर कार्बन, कार्बनवर तिने काढलेल्या आकृतीचा बटर पेपर. आकृती तिने घरातल्या कुठल्याही कागदासारखीच काढली होती, म्हणजे वर मधोमध 'श्री' लिहून. आणि बटर पेपर पालथा ठेवला होता. तो पालथाच ठेवायचा असतो, कारण सगळे भाग पाटीच्या कोऱ्या बाजूने बसतात आणि रेघा खालच्या बाजूला येतात. वरून बघून काढलेलं चित्र खालच्या बाजूला उलटंच काढावं लागतं. हे तिला इतकं सवयीचं होतं की सांगायचं असतं हे तिच्या डोक्यातच आलं नाही. तेवढ्यात शालनने गॅलरीतून हाक मारली, माहेरचा फोन आहे. सुचिता बटर पेपरवर एक वाटी वजनाला ठेवून भिंत धरत धरत गेली.

विमलबाई पाटावर बसल्या. वाटी उचलली. आणि त्यांना दिसला उलटा श्री.

त्यांना वाटलं, पोरीला फोनची घाई झाली, कागद पालथा पडला. विचारावं तर मौन. आणि विचारण्यासारखं त्यात होतं काय? भिंतीवरची तसबीर तिरकी झाली तर माणूस ती सरळ करतो, कोणाला विचारत नाही. उलटा श्री गिरवायला तर त्यांचा हात धजलाच नसता. त्यांनी कागद उलटून सुलटा ठेवला, श्रीला बोट लावून ते कपाळाला लावलं, आणि गिरवायला बसल्या. मग कार्बनच्या निळ्या खुणांवरून नेलपॉलिश, आधी श्री, मग बाकीचं.

सुचिता परत आली तेव्हा काम संपत आलेलं होतं. रेघा अशा होत्या की गाळ्यातल्या छापील पाट्यांनी लाजावं. "श्रीसुद्धा काढलात?" ती म्हणाली आणि खूश झाली. विमलबाई नुसत्या बघत राहिल्या, मौन होतं म्हणून. जेवण झाल्यावर बोलता आलं तोपर्यंत कागद सुलटा केल्याचं त्यांच्या ध्यानातही उरलं नव्हतं.

पाटी पिवळ्या पाण्यातून निघाली. भोकं पाडली, भाग बसवले, सोल्डर केलं. कॉम्प्युटर सुरू झाला. सुचिताने पहिली चिप सॉकेटमध्ये दाबली आणि अ‍ॅडॉप्टरचं बटण चालू केलं. कॉम्प्युटर म्हणाला, चिप दिसत नाही. तिने चिपेला बोट लावलं आणि बोट तोंडात घातलं. तव्यासारखी तापली होती.

तिथून पुढे घराचा गोंधळ झाला. सुचिताने कागद एका हातात धरला, पाटी दुसऱ्या हातात, आणि एकेक रेघ जुळवली. इथून इथे, जुळली. इथून वळून तिथे, जुळली. कुलदीप ड्यूटीवरून आला तर त्यालाही बसवलं. तो बॅटरी लावून बघत होता. "अगं, सगळं जसंच्या तसं आहे," तो म्हणाला. "कागदात आणि पाटीत सूतभर फरक नाही." मग मासिकच चुकलं असेल. सुचिताने मासिकातलं सर्किट परत मांडून बघितलं, ते बरोबर होतं. मग चिपच खराब असेल, असं म्हणून तिने दुसरी लावली. तिच्यातून तर वास आला.

तिसरी लावायची हिंमत झाली नाही.

घरात दोन दिवस कोणाचं कोणाशी धड बोलणं नव्हतं, भांडण नसताना. सुचिता जेवताना मध्येच उठून पाटी बघायला जाई. रेघा मोजी, भोकं मोजी, अ‍ॅडॉप्टर तपासी. सगळं बरोबर आणि तरी चिप जळते, म्हणजे बरोबर म्हणजे नेमकं काय, हेच तिला समजेना. एकदा तिने कुलदीपला विचारलं की अहो, मला हे काम कधी येत होतं ना? तो म्हणाला, येत होतं की. पण त्याच्या उत्तराला जरा उशीर झाला.

विमलबाईंनी संध्याकाळी तिच्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. मग जरा घुटमळून कॉम्प्युटरवरूनही ओवाळल्या.

बुधवारी सकाळी गोटीरामशेठ आले. जिना चढून धाप लागलेली, हातात जीपची किल्ली. सुचिताने दारातच सांगितलं, "काका, आईंचं मौन हाय. जेवेपरत बोलायच्या नायत." नावड्याचं माणूस आलं की तिची भाषाही नावड्याला जायची. गोटीरामशेठनी विमलबाईंना हात जोडले. खुर्चीत बसून चहा घेतला, पायाची चौकशी केली. मग विचारलं, चालला का?

सुचिताने जे झालं ते सांगितलं. दोन चिपा गेल्या हेही सांगितलं.

गोटीरामशेठनी पाटी हातात घेतली. त्यांना त्यातलं काही समजत नव्हतं, आणि समजतं असं त्यांनी कधी दाखवलंही नाही. जमीन गेली, तिच्या बदल्यात गाळा आला, गाळ्यात काटे आले, एवढंच त्यांचं इलेक्ट्रॉनिक्स. त्यांनी तांब्याच्या रेघांवरून अंगठा फिरवला. पोरीला लागेल असं पहिल्यांदाच काही बोलू नये असं वाटलं असावं. म्हणाले, "बाकीचा काय मना कलत नाय. श्री मातर झकास निंगालाय. सरल."

"हो, आईंनी काढला," सुचिता म्हणाली आणि कपबशी उचलायला वाकली. वाकलेली तशीच थांबली.

"काका, सरल?"

"हा बघ ना."

तिने पाटी त्यांच्या हातातून घेतली. तांब्याची बाजू समोर धरली. श्री नीट वाचता येत होता.

"हा सरल यायला नको होता," ती म्हणाली. "हा उलटा यायला पायजे होता."

गोटीरामशेठ तिच्याकडे बघत राहिले. श्री उलटा यायला हवा होता असं सोमवारांचे उपास धरणारी मुलगी म्हणते, याचं त्यांना काय करावं समजेना. सुचिताने समजावलं, भाग इकडून, रेघा तिकडून, म्हणून कागद पालथा. तो पालथा राहिला नाही. म्हणून सगळं डाव्याचं उजवीकडे आलं, चिपेला जिथे प्लस द्यायचा तिथे मायनस गेला. कागदाशी पाटी जुळत होती तीच चूक होती. जुळायलाच नको होती. बोलता बोलता तिचा आवाज बारीक होत गेला. "मीच घाईत सुलटा ठेवला असेल," ती शेवटी म्हणाली. "फोन आलता."

"मंग पायासंगं डोक्यालापन प्लॅस्टर घालून घ्यायचा होतास," गोटीरामशेठ म्हणाले. हसून म्हणाले, पण किल्ली उचलली. उठताना त्यांनी समजुतीचं बोलायला सुरुवात केली: घरात बसून अशी कामं होत नाहीत, तू आराम कर, वाशीवाल्याची सवय आहे त्यातली, कागद कुठला कसा ठेवायचा इथूनच जर सुरुवात असेल तर उद्या माझे काटे किलोला सव्वा किलो दाखवतील. सुचिता मान खाली घालून ऐकत होती. तिला खरंच आठवत नव्हतं. तिने कागद पालथा ठेवला होता असं तिला वाटत होतं, आणि पाटी सांगत होती की ठेवला नव्हता.

विमलबाई देव्हाऱ्यापाशी बसल्या होत्या. त्यांनाही सगळं कळलं नव्हतं. पण कागद, पालथा आणि श्री, हे तीन शब्द कळले होते. त्यांनी एकदा देवांकडे पाहिलं.

"कागद मी उलटला," त्या म्हणाल्या.

त्यांचा आवाज इतका हळू होता की गोटीरामशेठनी, कोण बोललं म्हणून आधी दाराकडे बघितलं.

"तिनं पालथाच ठेवला होता. मला श्री उलटा दिसला, म्हणून मी सुलटा केला. तिची चूक नाही त्यात."

मग सुचिता म्हणाली, "आई, मौन..." आणि गोटीरामशेठकडे वळून, जणू तक्रार केल्यासारखं, "आता त्या आज जेवायच्या नायत."

गोटीरामशेठ परत खुर्चीत बसले. एका म्हाताऱ्या बाईने आपल्यासमोर उपास ओढवून घेतला, आता लगेच उठून जाणं त्यांना बरं दिसेना. "बरा," ते म्हणाले. "मंग आता काय करतस?"

नवी पाटी करायची तर दिवस जाणार होता आणि दिवस नव्हता. सुचिता पाटीकडे बघत बसली. मग उठून, एका पायावर, शिवणाच्या डब्यातून चिमटा आणला. सगळी पाटीच उलटी आहे तर चिपपण उलटी होऊ दे, असं ती स्वतःशीच म्हणाली. दोन्ही ट्रान्झिस्टर उपटून फिरवून बसवले. मग शेवटची चिप घेतली आणि तिचे पाय एकेक करून चिमट्याने मागच्या बाजूला वाकवायला लागली. ते पाय एकदा वाकतात. दुसऱ्यांदा वाकवले तर तुटू शकतात. गोटीरामशेठसुद्धा पुढे झुकले होते. सगळे पाय वाकले तेव्हा चिप पाठीवर झोपून, पाय पाठीखाली रोवून पडलेल्या किड्यासारखी दिसायला लागली. तशीच उताणी तिने सॉकेटमध्ये दाबली.

बटण. बोट लावलं. चिप गार होती.

कॉम्प्युटरवर आकडे पळायला लागले. मग थांबले. जे घातलं ते परत वाचून पाहिलं, सगळं जुळलं, असं इंग्रजीत आलं.

"झाला?" गोटीरामशेठनी विचारलं.

"झाला, काका."

"मना कसा कलनार?"

काटा गाळ्यात होता. गोटीरामशेठनी चिप सॉकेटमधून काढून रुमालात गुंडाळली. म्हणाले, काट्यात घालून बघतो, किलोला किलो दाखवला तर फोन करतो, नाही दाखवला तरी करतो. खाली कोणाचा तरी टेम्पो त्यांच्या जीपमागे अडकून हॉर्न वाजवत होता. ते घाईने उतरले. सुचिता भिंत धरून दारापर्यंत गेली आणि जिन्यात ओरडली की काका, काट्यात घालायच्या आधी तिचे पाय परत खाली वाकवायला सांगा, हळू. "हा, हा," असं खालून आलं, हॉर्नच्या आवाजात.

दुपारी विमलबाईंनी सुनेला वाढलं आणि स्वतः पाणी प्यायल्या. सुचिताने दोनदा म्हटलं, आई, खरं सांगायला मोडलेलं मौन मोडलेलं नसतं. विमलबाई म्हणाल्या, तसं असेलही, मला त्यातलं कळत नाही, पण माझा नेम माझ्याशी आहे. मग जरा वेळाने विचारलं, "गं, तो कागद पालथाच राहिला असता तर सगळं नीट झालं असतं?"

"हो."

"म्हणजे श्री उलटा असता तर."

"हो, आई."

विमलबाई बराच वेळ वाती वळत बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून त्या देवाला काहीतरी विचारताहेत आणि उत्तर अजून आलेलं नाही असं वाटत होतं.

दिवेलागणीच्या आधी शालनने हाक मारली. सुचिता गेली, मागून विमलबाईही गेल्या आणि शालनच्या दारात पदर सावरून उभ्या राहिल्या. त्यांना सुचिताचंच बोलणं ऐकू येत होतं. ती आधी हं, हं करत होती. मग म्हणाली, "काहीच नाय?" मग, "तापली?" मग तिने विचारलं, "काका, कशी घातली तुमी?"

पलीकडून जे उत्तर आलं ते शालनलासुद्धा ऐकू गेलं, कारण गोटीरामशेठ फोनवर ओरडूनच बोलत. "कशी म्हंजे? तू घातलीस तशी. उतानी."

सुचिताने डोळे मिटून घेतले. ती शांतपणे म्हणाली, उताणी माझ्या पाटीवर घालायची होती, काका, कारण माझी पाटी उलटी आहे. तुमचा काटा सरळ आहे. त्यात सरळ घालायची होती. जिन्यात सांगितलं होतं मी.

शालन गॅसची ज्योत बारीक करून ऐकत होती. मग गोटीरामशेठ बोलले ते हळू, म्हणून विमलबाईंना ऐकू आलं नाही. सुचिता मात्र ऐकत ऐकत एकदा हसल्यासारखी झाली, एकदा तिने डोळ्यांना पदर लावला. "सांगते," म्हणाली आणि फोन ठेवला.

"काय म्हणाले?" विमलबाईंनी विचारलं.

"चिप जळली."

"अगं बाई."

"म्हणाले, मी डोळ्यांनी बघितला तसाच घातला. आता विमलबायना काय बोलू नि तुला काय बोलू, माझ्या हातूनच तोच झाला. उद्या ड्रायव्हरकडून नव्या चिपा पाठवताहेत. आणि म्हणाले, आईंना सांग, जेवून घ्या."

विमलबाईंनी हे मनात फिरवून बघितलं. एका बाजूने बघितलं, दुसऱ्या बाजूने बघितलं.

"म्हणजे काम राहिलं की गेलं?"

"राहिलं."

"चिप जळली तरी?"

"जळली म्हणूनच, वाटतं."

"आणि चांगली निघाली असती तर?"

शालन म्हणाली, आता हे सोडा, चहा घ्या. चहा घेऊन दोघी घरी आल्या. विमलबाईंनी देवापाशी दिवा लावला. सुचिताने नवी पाटी घासून कोरडी केली, कार्बन ठेवला, त्याच्यावर बटर पेपर.

या वेळी विमलबाईंनी आधी विचारलं. ही बाजू वर का? हो. मग भाग कुठून? पलीकडून. मग ही रेघ तिकडून दिसेल ती अशी का तशी? सुचिता सांगायला लागली, मध्येच अडखळली, कागद उचलून ट्यूबलाइटपुढे धरला, फिरवला, परत फिरवला. विमलबाई नेलपॉलिशची बाटली उघडून हातात धरून बसल्या होत्या.

"थांबा हं, आई," सुचिता म्हणाली. "जरा थांबा."